डायरेक्ट केलेले पाच बल्ब

दिवाळी जवळ आली की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका गुंता झालेल्या लायटिंगच्या माळा घेऊन माझ्या दारात येतात. मी शाळेत विज्ञान शिकवायची, एवढंच त्यांना माहीत. "बाई, मागच्या वर्षी छान पेटत होती हो. डब्यात ठेवली आणि डब्यातच मेली बघा." मी माळ हातात घेत नाही. चहा पाजते, नवी आणा म्हणते आणि दार लावून घेते. मला शिष्ट म्हणतात हे कानावर आलंय माझ्या. म्हणोत बापड्या. माळा का बंद पडतात हे माझ्याइतकं त्या बिल्डिंगमध्ये कुणाला कळत नाही, आणि माझा बाप अशाच एका माळेनं गेला हे कुणाला ठाऊक नाही. ती माळ मी दुरुस्त केली होती. बोल लागला तो सलीमभाईला, आणि त्यापायी माझ्या थोरल्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. हे प्रकरण मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. आता सलीमभाई राहिला नाही, तेव्हा फाडायला कारणही उरलं नाही.

शिरूरला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. पुढच्या खोलीत माणसं कमी आणि माळा जास्त. भिंतीला ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्याला माळांचा एक झुबका. दार जोरात लोटलं की ते सगळे बल्ब एकमेकांवर आपटून किणकिणायचे, कासाराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटायचं. रात्री उंदीर वायर कुरतडायचे तो आवाज वेगळा, बारीक. अम्मी झोपेतच चप्पल भिरकावायची. अब्बा लायटिंगवाले. गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई, आमच्या पिराचा उरूस, जिथं म्हणून उजेड लागतो तिथं रहीममामा. सगळं शिरूर त्यांना मामाच म्हणायचं. गल्लीतले म्हातारे आबा दर गणपतीत तीच थट्टा करायचे, "मामा, देव आमचा आन् उजेड तुमचा, मंग पुण्य कुणाच्या नावावर?" आणि अब्बा दर वर्षी तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "आबा, पुण्य तुमी घ्या, बल्ब तेवढे मोजून परत द्या."

घरात आम्ही बोलायचो ती हिंदी आणि मराठीची भेळ. इथं मी ती मराठीतच लिहितेय, कारण शाळा माझी मराठी, विचार माझे मराठी आणि आता घरात ती भेळ बोलायला माणूसही उरलं नाही. माणसं म्हणजे अब्बा, अम्मी, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी शमीमआपा आणि मी. शिवाय सलीमभाई. तो अब्बांच्या बहिणीचा मुलगा, अब्बांना मामू म्हणायचा. चोविशीचा, उंच, हसला की हिरड्या दिसायच्या. तो अब्बांबरोबर कामाला होता आणि शमीमआपाशी त्याचं ठरलं होतं. दिवाळीचा हंगाम उरकला की निकाह. ठरल्यापासून आपा त्याच्यासमोर यायची नाही, पण तो जेवायला बसला की आतून भाकरी अशी टम्म फुगलेली यायची की बस्स. बाकीच्यांच्या ताटात मात्र करपलेली. मी एकदा ते बोलून दाखवलं तर अम्मीनं पाठीत धपाटा घातला आणि तीच तोंडाला पदर लावून हसली.

हंगामात घरात स्वयंपाक असा नसायचाच. सकाळी चहा आणि बटर, दुपारी मोठ्या पातेल्यात खिचडी, वर तळलेली मिरची. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्यानं वाढून घ्यायचं. शुक्रवारी तेवढं मटण. बाहेरचं काम पुरुषांचं आणि माळा दुरुस्त करणं बायकांचं. जमिनीवर पोतं टाकून आम्ही तिघी मांडीवर माळ घेऊन बसायचो. एका माळेत चाळीस बल्ब, एकामागे एक, एकाच वायरीवर. वीज पहिल्यातून निघाली की दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मध्ये एक गेला की सगळे गेले. पुढं आयुष्यभर मी फळ्यावर याला एकसर जोडणी म्हणून लिहीत आले. आमच्या घरात तिला नुसतं 'सिरीज' म्हणायचे. वरून बघितलं तर चाळीसही बल्ब धडधाकट दिसायचे. मग चार सेलांची एक बॅटरी असायची, तिच्यावर एकेक बल्ब काढून लावून बघायचा. पेटला, परत बसव. पेटला, परत बसव. एकोणचाळीस चांगले निघायचे तेव्हा एक चोर सापडायचा. कधी बल्ब चांगला असायचा आणि त्याची बैठक गंजलेली, कधी टेम्पोच्या हादऱ्यानं तो नुसता ढिला झालेला, कधी उंदरानं वायर आतून खाल्लेली आणि वर कातडं शाबूत. लोक माळा उतरवताना ओढतात, कोपराला गुंडाळतात, ओल्याच कोंबतात. अब्बा म्हणायचे, पेटलेल्या असतात तेव्हा कमी मरतात, डब्यात ठेवल्यावर जास्त.

आणि बदलायला नवा बल्ब नसला तर? तर एक उपाय होता, त्याला डायरेक्ट करणं म्हणायचे. मेलेल्या बल्बाच्या दोन्ही बाजूंची वायर तोडायची, टोकं सोलायची, एकमेकींना पीळ मारायचा आणि वर काळी टेप. बल्ब गेला, माळ जिवंत. पण चाळिसांच्या वाटची वीज मग एकोणचाळिसांना वाटून घ्यावी लागते. ते थोडे जास्त उजळतात, जास्त तापतात, लवकर जातात. गेलेला परत डायरेक्ट केला की उरलेल्यांवर आणखी भार. शेवटी शेवटी अशी माळ इतकी झगझगते की मंडळाची पोरं म्हणायची, "मामा, आमाला तसलीच द्या, ती लई भारी पेटतीया." अब्बांचा नियम होता, एका माळेत दोनच डायरेक्ट. तिसरा गेला की माळ बाद. आणि टेपशिवाय पीळ म्हणजे उघडी वायर, ती त्यांच्या घरात कुणी ठेवायची नाही. दोनच नियम होते त्या माणसाचे. नमाज चुकली तर ओरडायचे नाहीत, पण उघडा पीळ दिसला की जेवत्या ताटावरून उठायचे.

मी डावखुरी. अम्मीनं लहानपणी उजव्या हातानं जेवायला शिकवलं ते शिकले, पण वायर हातात आली की डावा पुढं व्हायचा. त्यामुळं आपाचा पीळ एकीकडं वळलेला आणि माझा उलटा. सलीमभाई माझी माळ हातात आली की बोटांनीच ओळखायचा. "ही डावरीची," म्हणायचा. मला भारी राग यायचा, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्या वर्षी गणपतीचा तिसरा दिवस. वडगाव रासाईच्या एका मंडळाचं काम अब्बांकडं होतं. न्हावऱ्याच्या पुढं, भीमेच्या काठाला गाव, फुलांची शेती करणारी माणसं, हौशी. तिथून सकाळीच निरोप आला की तीन माळा बंद पडल्यात, आरतीच्या आत बदलून द्या. अब्बा म्हणाले, दुपारच्या नमाजनंतर निघू. तीन जुन्या माळा खाली काढल्या. एक सलीमभाईनं घेतली, एक अम्मीनं. आपा फुफूकडं, म्हणजे सलीमभाईच्या आईकडं, कपडे शिवायला गेली होती. तिसरी माझ्या मांडीवर आली.

मला शाळेत जायचं होतं. गणेशोत्सवातल्या नाटकाची तालीम होती आणि मला पहिल्यांदाच बोलायचं काम मिळालं होतं, सात वाक्यं. सातच. ती वाक्यं आता मला एकही आठवत नाही. बाईंनी बजावलं होतं, बाराच्या ठोक्याला आली नाहीस तर काम दुसरीला देईन. मी बॅटरीवर बल्ब लावत बसले. एक मेलेला निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. बरणीत नवे बल्ब नव्हते. नियमाप्रमाणं मी तिथंच हाक मारायला हवी होती, "अब्बा, ही बाद." पण बाद म्हटलं की चौथी माळ खाली काढायची, ती पहिल्यापासून तपासायची आणि घड्याळ समोर. मी हाक मारली नाही. पाच बल्ब डायरेक्ट केले. टेपचं रीळ सलीमभाईपाशी होतं. मी मागितलं तर तो म्हणाला, "संपली गं, शेवटचा तुकडा आत्ताच लावला. मामू नमाजहून येताना आणतील." मग मी बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडला, तो चार पिळांवर गुंडाळून दोऱ्यानं बांधला. पाचव्याला कागद पुरला नाही. तो तसाच ठेवला. मनात म्हटलं, अब्बा टेप आणतील तेव्हा सलीमभाई बघून घेईलच. माळ प्लगला लावून बघितली, अशी लखलखली की काय सांगू. गुंडाळून बाकीच्या दोन माळांवर टाकली आणि दप्तर न घेताच पळाले.

निघताना प्रत्येक माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सोडायची, हे काम सलीमभाईचं. त्या दिवशी टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत उभा होता. त्यानं माळा तशाच उचलल्या. हे त्यानंच पुढं सगळ्यांसमोर सांगितलं.

तालीम दिवस कलेपर्यंत लांबली होती, तेव्हा मला बोलवायला गल्लीतल्या आबांची सून आली. ती माझा हात धरून चालत राहिली. मी विचारलं, "काकू, काय झालं?" तर म्हणाली, "काय न्हाई बाळा, चल." घराच्या दारात चपलाच चपला होत्या आणि आत अम्मीचा आवाज, जो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

झालं ते असं. माळा बदलून झाल्या, पेटल्या, पोरं खूश झाली. सकाळी पाऊस शिंपडून गेला होता, मंडपातली जमीन ओली. अब्बा बाहेरचं सगळं काम पायात रबरी चप्पल घालूनच करायचे, तो धंद्याचा शहाणपणा. पण मूर्तीच्या डोक्यावरचा फोकस वाकडा झाला होता, तो नीट करायला मूर्तीपाशी जायचं म्हणून त्यांनी चप्पल बाहेर काढली. देवाच्या पुढं चप्पल घालून ते कधी गेले नाहीत. आमच्या दर्ग्यात नाही आणि त्यांच्या मंडपातही नाही. पोरं म्हणालीही म्हणे, "मामा, ऱ्हाऊ द्या चप्पल, चालतंय." अब्बा म्हणाले, "न्हाई रे बाळांनो, बरं दिसत न्हाई." अनवाणी आत गेले आणि वर चढायला लोखंडी पाइप धरला. माळ त्याच पाइपावरून नेलेली होती. सलीमभाई टेम्पोपाशी वायर गुंडाळत होता. पोरांचा ओरडा ऐकून धावला, मेन बंद केला, अब्बांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत पळाला. दवाखाना येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्या गावच्या मंडळानं त्या दिवसापासून विसर्जनापर्यंत एक बल्ब लावला नाही, समईच्या उजेडात गणपती बसवून ठेवला. मयतीला चाळीस-पन्नास माणसं आली होती गावातून. मला आठवतं, ती सगळी अंगणात डोक्याला रुमाल बांधून उभी होती आणि आत यायला बिचकत होती. पोलिसांनी विचारलं, वायर उघडी कशी राहिली, जोड कुणी मारला. सलीमभाई तिथंच भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "म्या मारला साहेब. सकाळी दोन बल्ब डायरेक्ट केले व्हते. टेप संपत आली व्हती. एकाला लावल्याली आठवतीय, दुसऱ्याची आठवत न्हाई. माळा तपासल्या बी न्हाईत. माझ्याच हातनं गेले मामू." मी दाराच्या चौकटीत उभी होते. मला पाइपावरच्या माळेचं कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना तो पाचवा पीळ अजून लागत होता. मी तोंड उघडलं, ही अल्लाची आण घेऊन सांगते, उघडलं. आवाज आला नाही. कुणीतरी म्हणालं, पोरीला पाणी द्या, घाबरलीय. आणि मी ते पाणी प्याले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला पोर होते म्हणून माफ केलं असतं. पुढचं ऐका. आठवड्यानं गावातली पोरं उतरवलेल्या माळा एका पोत्यात भरून आणून दारात ठेवून गेली. अम्मी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, होती, बाहेर जायची नाही, कुणाशी बोलायची नाही. दुपारी तिनं पोतं खोलीत ओढलं आणि एकेक माळ मांडीवर घेऊन बोटांतून सोडायला लागली, जशी रोज सोडायची तशी. मी कोपऱ्यात भांडी पुसत होते. दुसऱ्या माळेवर तिची बोटं थांबली. तिनं वायर खिडकीकडं धरली. काळवंडलेला, उघडा पीळ होता. तिनं तो एकदा चिमटीत फिरवून बघितला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं आणि मग माझ्या हाताकडं. फडकं माझ्या डाव्या हातात होतं.

"अम्मी," मी म्हटलं.

"गप," ती म्हणाली. "एक शबुद बोलू नगंस. आज न्हाई, उद्या न्हाई, मेलीस तरी न्हाई."

तिनं कातरीनं तेवढा तुकडा कापला, चुलीत टाकला. जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस घरात होता. आपा फुफूकडून आली तेव्हा नाक धरून म्हणाली, काय जाळलंय गं. अम्मी म्हणाली, कचरा.

त्यानंतर पंधरा दिवसांत अम्मीनं फुफूला बोलावून सांगितलं की सोयरीक मोडली. "ज्या हातानं माझं कुंकू..." असं काहीसं म्हणायला गेली, कुंकू आमच्यात लावत नाहीत, पण शिरूरमध्ये जन्म गेलेला, दुःखात तोंडाला तेच आलं. फुफू रडली, हाता-पाया पडली. सलीमभाई अंगणातच उभा होता, आत आला नाही. म्हणाला, "मामी म्हनतात ते बरोबर हाय अम्मा. चल." आणि आत शमीमआपा अम्मीच्या पायाशी बसून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "अम्मी, चुकलं आसंल त्याचं. मुद्दाम केलं का गं त्यानं? मुद्दाम केलं का?" मी त्याच खोलीत होते. चार हातांवर. अम्मी माझ्याकडं बघतही नव्हती आणि तिचं सगळं लक्ष माझ्याकडंच होतं.

अम्मीनं असं का केलं, हे मला त्या वयात कळलं नाही. नंतर कळलं. सलीमभाईला तिनं जावई करून घेतला असता तर लोक म्हणाले असते, म्हणजे दोष त्याचा नव्हता, मग कुणाचा? कुणीतरी त्या माळा आठवल्या असत्या, त्या दिवशी घरात कोण कोण बसलं होतं ते मोजलं असतं. बापाला मारणारी पोर म्हणून माझं नाव गावभर झालं असतं, मला कुणी पदरात घेतलं नसतं. नवरा तर गेलाच होता. राहिल्या दोन पोरी. तिनं एकीला वाचवायला दुसरीचं मोडलं. मी आई झाले नाही, त्यामुळं तिला नावं ठेवायचा हक्क मला नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण ठेवते. ठेवते नावं. तिनं मला बोलू द्यायला हवं होतं. आणि तिनं नाही दिलं तरी मी बोलायला हवं होतं, मला काय कुलूप लावलं होतं तोंडाला?

धंदा बंद झाला. माळा एका न्हावऱ्याच्या माणसानं नेल्या. भिंतीवर खिळे तेवढे राहिले. आपाचं वर्षाच्या आत दौंडला लग्न झालं, बेकरीवाल्याशी. वयानं बराच मोठा, पण सज्जन माणूस, आवाज चढवून बोलायचा नाही. सलीमभाईनं वायरीला पुन्हा हात लावला नाही. मिळेल ते करत राहिला आणि कुरकुंभला केमिकलच्या कंपन्या आल्या तसा तिथं लागला. शिफ्टची नोकरी. त्यानंही उशिरा लग्न केलं. दौंड आणि कुरकुंभ, दोन्हीमध्ये रिक्षानं जाण्याइतकं अंतर, आणि त्या दोघांनी उभ्या जन्मात परत एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मला मात्र अम्मीनं शिकवलं, भांडून शिकवलं, लोकांची शिवण शिवून शिकवलं. मी विज्ञानाची बाई झाले. दर वर्षी एकसर जोडणीचा धडा यायचा आणि दर वर्षी एखादं चुणचुणीत पोर विचारायचं, "बाई, मधला बल्ब काढून वायर जोडली तर?" मी म्हणायची, चालतं, पण उरलेल्यांवर भार येतो. पुढचं पान काढा. शेवटची दोन वर्षं अम्मी आपाकडं दौंडला होती, अंथरुणावर. तिला भरवणं, धुणंपुसणं, कूस बदलणं, सगळं आपानं केलं. मी रविवारी जायची, फळं घेऊन, पाहुण्यासारखी.

यंदा उन्हाळ्यात निरोप आला की सलीमभाई गेला. फुप्फुसाचा आजार होता, बरेच महिने. मी सकाळच्या एसटीनं कुरकुंभला गेले. मर्द मंडळी मयत घेऊन गेली होती. बायकांत त्याची बायको बसली होती, साधी, उन्हानं रापलेली. मी कोण ते सांगितलं तर माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "तुमी रहीममामूंची धाकटी? लई आठवण काढायचे वो तुमची. डावरी, डावरी म्हनायचे." मग डोळे पुसून म्हणाली, "शेवटच्या आठ दिवसांत सुद न्हवती त्यास्नी. सारखं मामूंशीच बोलायचे. मामू, म्या टेप मारली व्हती का वो? सांगा की, मारली व्हती का? रातंदिस येकच. म्या म्हनायची, मारली व्हती, मारली व्हती, झोपा आता. पर माझ्या म्हनण्यानं काय व्हतंय? त्यास्नी मामूंच्या तोंडून ऐकायचं व्हतं."

मारली होती हो त्यानं. दोन्हींना मारली होती. त्याचा शेवटचा तुकडा त्याच्याच दुसऱ्या पिळावर होता, मी टेप मागितल्यावर त्यानं स्वतः सांगितलं होतं, 'आत्ताच लावला.' तो विसरला, मी विसरले नव्हते. एका वाक्याचं काम होतं माझं, आणि ते सांगायला माझ्याकडं अख्खा जन्म होता. मी त्या बाईचा हात धरून बसले आणि तिलाही सांगितलं नाही. अशी मी. निघाले आणि परतीची गाडी सोडून दौंडच्या रिक्षात बसले.

आपा बेकरीच्या मागच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. सलीमभाई गेल्याचं तिला कळलं होतं. जाता येत नव्हतं. आतेभाऊ खरा, पण ज्याच्याशी ठरून मोडलं त्याच्या दारात कोणत्या नात्यानं जाणार? मला बघून म्हणाली, "आलीस? खाल्लंस काय?" मी मागच्या दारातच उभी राहून सांगायला सुरुवात केली. बसले असते तर जमलं नसतं. पाच बल्ब, बिस्किटाचा कागद, उघडा पीळ, सलीमभाईचा शेवटचा तुकडा, त्याच्या बायकोनं सांगितलेलं, सगळं. आपा लसूण सोलत राहिली. मधेच तिची बोटं थांबली, पण मान वर केली नाही.

मग म्हणाली, "त्याला कळलं व्हतं का?"

"न्हाई."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई, आपा."

तिनं सोललेल्या पाकळ्या एका बाजूला केल्या. मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "अम्मीला?"

हा प्रश्न येईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिथं मला खोटं बोलता आलं असतं. एवढी वर्षं बोलले, त्यात आणखी एक. आपाला नवरा होता, नातवंडं होती, आणि अम्मी होती. म्हणजे अम्मीची आठवण होती, दोन वर्षं तिचं केल्याचं समाधान होतं. दर शब-ए-बरातीला, आमच्यात गेलेल्यांची आठवण करायची ती रात्र, ती पहिली फातिहा, म्हणजे प्रार्थना, अम्मीच्या नावानं द्यायची, हलवा स्वतः करायची, सुनेला हात लावू द्यायची नाही. 'न्हाई' म्हटलं असतं तर ते तरी तिच्यापाशी राहिलं असतं. पण अशीच एकदा मी एकाचं राखायला गप्प राहिले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्यानंच भरली होती.

"व्हय," मी म्हटलं. "पोतं आलं त्या दिवशीच तिला कळलं. त्यानंतर तिनं मोडलं."

आपा उठली. पहिल्यांदा तिनं बेकरीकडचं दार लावलं, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. कडी घातली, ओढून बघितली. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि म्हणाली, "दोन वर्सं तिचं गू-मूत काढलं गं मी. येक दिवस सांगायचं मला. येक दिवस." आणि रडायला लागली. अब्बांसाठी ती रडली होती, अम्मीसाठी रडली होती, ते मी पाहिलं होतं. हे ते नव्हतं. लहान पोरीसारखं, तोंड उघडं टाकून, नाव घेऊन रडत होती, सलीम, सलीम. ते नाव तिच्या तोंडून मी त्या दिवसाआधी कधी ऐकलं नव्हतं. मी पुढं झाले तर तिनं हात आडवा धरला. मी तिथंच, दारापाशी, उभी राहिले. तिचं रडून होईपर्यंत उभी होते. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, कडी काढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा आता. परत येऊ नगंस."